फ्यूज उडाला, पण का?

(दृश्य: सोसायटीचं तळघरातलं पार्किंग. बाहेर पावसाची झड. ट्यूबलाइटच्या उजेडात कापडाखाली झाकलेली एक बुटकी, रुंद गाडी.)

पुण्यात जूनपासून पाऊस लागला, तेव्हा ही गाडी कापडाखाली गेली. खड्डे, चिखल, तुंबलेले रस्ते, यात तिला बाहेर काढायची मालकांची हिंमत झाली नाही. गणपती तोंडावर आले, चार दिवस ऊन पडलं, म्हणून कापड काढलं. रिमोट दाबला. काहीच झालं नाही. लाइट नाही, आवाज नाही.

ही पोर्शे ९११. २००४ साली आलेल्या, ९९७ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीतली. जर्मनीत श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या कारखान्यात बनलेली. इंजिन मागे, डिकी पुढे. आणि बॅटरीही पुढे, त्या डिकीतच.

अडचण इथेच आहे. पुढचं झाकण उघडतं ते विजेवर. बॅटरी मेली तर झाकण उघडत नाही, आणि झाकण उघडल्याशिवाय बॅटरीपर्यंत हात पोचत नाही. किल्ली आत ठेवून घराला कुलूप लावल्यासारखी गत.

मालकांनी फोन करून बोलावलं ते एका जुन्या वायरमनना. साठीच्या पुढचे आहेत, गॅरेजमधली पोरं त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही काकाच म्हणू. आयुष्यभर गाड्यांची वायरिंगं केली. हातात रेक्झिनची पिशवी, तिच्यात एक मीटर, एक टेस्ट लॅम्प, थोड्या क्लिपा आणि एका डबीत रंगीबेरंगी फ्यूज.

(दृश्य: काकांचा हात. चावीचं धातूचं पातं. दाराच्या हँडलजवळचं कुलूप.)

दार चावीने उघडलं. पण काका थांबले. या गाडीच्या दाराला काचेभोवती चौकट नाही. दाराचं हँडल ओढलं की काच आपोआप काही मिलिमीटर खाली सरकते, रबरातून सुटते, मग दार उघडतं. बॅटरीच मेली तर काच सरकणार कशी? ती रबरात घट्ट बसलेली असते. घाईने ओढलं तर रबर फाटतं, नाहीतर काच जाते. काकांनी एक हात काचेवर सपाट ठेवला आणि दार इतकं हळू ओढलं, की आम्हाला कॅमेरा सुरू आहे ना ते पुन्हा बघावं लागलं.

पुढच्या सीटच्या पायाशी, दाराला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीवर प्लॅस्टिकचं एक झाकण आहे. ते काढलं की फ्यूज बॉक्स. आडव्या ओळींना अक्षरं, उभ्या रकान्यांना आकडे, म्हणजे शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखा पत्ता: अमुक ओळ, तमुक घर. कुठलं घर कशासाठी, हे त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या तक्त्यावरच बघायचं. पिढी तीच असली तरी वर्ष बदललं की घरं बदलतात. इंटरनेटवर कुणाचा तरी फोटो बघून फ्यूज उपटत सुटणं काकांना अजिबात मान्य नाही.

फ्यूजच्या या गर्दीत एक लाल तुकडा असतो. तो बाहेर ओढला की विजेचं एक टोक हाती येतं. अडकलेल्या झाकणासाठीच ही सोय ठेवली आहे. दुसऱ्या बॅटरीची पॉझिटिव्ह केबल त्या लाल टोकाला. निगेटिव्ह दाराच्या चौकटीवरच्या लोखंडी खुंटीला, म्हणजे दार बंद होताना ज्यात अडकतं तिला. ती बॉडीलाच जोडलेली असल्यामुळे अर्थिंग तिथे मिळतं.

काकांनी मालकांना आधीच सांगितलं होतं, “साहेब, भोंगा वाजेल. घाबरू नका, रिमोट हातात ठेवा.”

आणि वाजला. अख्खं तळघर दणाणलं. गाडी लॉक होती, वीज मिळताच अलार्म जागा झाला. मालकांनी रिमोट दाबला, भोंगा थांबला, आणि पुढून बारीकसा खट् आवाज आला. झाकण सुटलं होतं.

या लाल टोकावरून गाडी स्टार्ट होत नाही, तसा प्रयत्नही करायचा नाही. स्टार्टर मोटरला लागणारा करंट पेलायची त्या तारेची ताकद नाही. तिचं काम झाकण उघडण्यापुरतं.

(दृश्य: मीटरचा पडदा. ३.८ व्होल्ट.)

भरलेली, स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. ही ३.८ वर आली होती. चार्जर लावला आणि त्या दिवसाचं काम थांबलं.

पण निघण्याआधी काकांनी पुन्हा एकदा फ्यूज बॉक्समध्ये टॉर्च मारला. एका फ्यूजच्या पायाला केसासारखी बारीक, काळी वायर गुंडाळून फ्यूज परत आत दाबलेला होता. कंपनीची वायर अशी नसते.

“साहेब, गाडीत कॅमेरा कधी बसवला?”

मे महिन्यात. एका दुकानातून. पुढे एक, मागच्या काचेला एक.

दुकानदाराने ज्या फ्यूजमधून लाइन घेतली, तो आतल्या दिव्याचा. त्याला चावी बंद असतानाही वीज असते. म्हणजे कॅमेरे रात्रंदिवस चालू. आता हिशोब करू. अशी गाडी नुसती उभी असताना, सगळं झोपल्यावर, ५० मिलिअँपिअरच्या आत करंट खायला हवी. ४० धरले तर दिवसाला साधारण १ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिने तग धरेल. दोन्ही कॅमेऱ्यांनी मिळून २५० मिलिअँपिअर जरी घेतले, तरी दिवसाला ६ अँपिअर-तास. बारा दिवसांत खेळ संपला. गाडी तर जूनपासून उभी.

(दृश्य: दुसरा दिवस. गाडीतले दिवे लागलेले.)

सकाळी सगळं जिवंत होतं. आतला दिवा लागला, घड्याळ चालू झालं. काकांना नीट वाकून बसता यावं म्हणून मालकांनी सीट मागे सरकवली.

आणि दिवा गेला.

आवाज नाही, धूर नाही. फ्यूज उडताना बहुतेक वेळा असंच होतं. काकांनी टेस्ट लॅम्प काढला. साधीच वस्तू आहे ही: स्क्रू-ड्रायव्हरसारखी मूठ, आत छोटा बल्ब, एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला क्लिप. क्लिप बॉडीला लावायची. पात्याच्या, म्हणजे दोन चपट्या पायांच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक फटी असतात, त्यातून आतला धातू दिसतो. आधी एका फटीला सुई, मग दुसरीला. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत. एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही, तर तो उडाला. दोन्हीकडे लागला नाही, तर तिथे वीजच येत नाहीये, फ्यूजला बोल लावू नका. एकही फ्यूज न उपटता पाच मिनिटांत अख्खा बॉक्स तपासून होतो.

सापडलेला फ्यूज निळा होता, १५ अँपिअरचा. रंगांची ही भाषा ध्यानात ठेवण्यासारखी आहे: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पारदर्शक, ३० हिरवा. १९७६ साली लिटेलफ्यूज या अमेरिकी कंपनीने पात्याचा फ्यूज आणला, आणि आज साध्या हॅचबॅकपासून या गाडीपर्यंत हेच रंग चालतात. जुन्या ९११ गाड्यांत वेगळे फ्यूज होते, दोन्ही टोकांना निमुळते, अंगावरून धातूची उघडी पट्टी गेलेली. त्यांना टॉर्पेडो म्हणतात. पांढरा ८ अँपिअर, लाल १६, निळा २५. तांब्याच्या दोन स्प्रिंगांमध्ये ते नुसते चिमटलेले असतात. वर्षांनुवर्षांचा गंज त्या टोकांवर बसतो आणि फ्यूज धडधाकट असूनही लाइट जातो. मग बोटाने फ्यूज जागच्या जागी जरा फिरवला, की गंज खरवडला जातो आणि लाइट परत येतो. जुन्या ९११वाल्यांना हे बोटांनीच माहीत असतं.

(दृश्य: अगदी जवळून, निळा फ्यूज उजेडासमोर धरलेला.)

बॉक्समध्येच फ्यूज काढायचा छोटा प्लॅस्टिकचा चिमटा असतो. तोच वापरायचा. पक्कडीने ओढलं तर फ्यूजचं डोकं तुटतं आणि पाय आतच राहतात. आणि काढण्याआधी चावी बंद.

आता हा फ्यूज बघा. आत जस्ताची नागमोडी पट्टी असते. ती मधोमध तुटली आहे, आणि खिडकी काळी पडली आहे. धातू उडून आतून चिकटला आहे. ही खूण शॉर्ट सर्किटची. प्रचंड करंट एका क्षणात गेला की पट्टी फुटतेच. काळवंडलेलं काही नाही, नुसती मधे वितळून फट पडली आहे, असं असेल तर लोड हळूहळू जास्त झाला होता. उदाहरणार्थ, सिगारेट लायटरच्या सॉकेटला हवा भरायचा मोठा पंप लावला. फ्यूज आकड्यावर लगेच उडत नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. १० टक्के जास्त करंट तो १०० तास सोसतो. ३५ टक्के जास्त झाला तर दहा मिनिटांच्या आत जातो. दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत.

मालक म्हणाले, “काका, तीसचा घाला ना. परत उडायला नको.”

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी त्या काळ्या वायरचं टोक दोन बोटांत धरून दाखवलं.

आमच्या लहानपणी घराघरात चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते. तार उडाली की कुणीतरी शहाणा वायरमधले तांब्याचे चार पदर एकत्र पिळून लावायचा. मग तो फ्यूज कधी उडायचा नाही. भिंतीतली वायर जळायची. फ्यूज पंख्याला, दिव्याला किंवा कॅमेऱ्याला वाचवायला नसतो. तो तारेला वाचवायला असतो. १५ चा फ्यूज सांगतो, की माझ्यापुढची तार १५ पेलते. तीस घातला की सगळ्यात कमजोर जागा फ्यूज बॉक्समधून उठून गालिच्याखाली जाते, जिथे ती कुणालाच दिसत नाही. दहा-वीस रुपयांचा फ्यूज वाचतो आणि त्यापायी अख्खं हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगा, उतरवावं लागतं. या गाडीत त्यासाठी सीट, गालिचे, पॅनल, सगळंच सुटं करायचं.

आणि इथे तर दोष आधीपासूनच होता. केसाएवढ्या वायरपुढे १५ चा फ्यूज. तिच्यासाठी तोही फार मोठा.

(दृश्य: २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, फ्यूजच्या रिकाम्या घरात.)

काकांनी नवा फ्यूज घातलाच नाही. शॉर्ट तसाच असेल तर तोही उडणार. त्यांनी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घेतला, दोन वायरी जोडल्या आणि फ्यूजच्या घरात फ्यूजऐवजी तो बल्ब बसवला. बल्ब झगझगीत पेटला. याचा अर्थ, पुढे कुठेतरी तार बॉडीला लागली आहे. आता काळजी नाही, कारण बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच देत नाही. काही जळणार नाही, आणि शॉर्ट सुटला की बल्बच सांगेल.

एकेक करून वायर चाचपायची. दाराच्या रबरी नळीतली हलवली, बल्ब तसाच. डॅशबोर्डखालची ओढून पाहिली, तसाच. मग काका थबकले. दिवा गेला तेव्हा काय केलं होतं आपण?

सीट पुढे सरकवली. बल्ब मंद झाला. मागे नेली, पुन्हा झगझगीत. पुढे, मंद. मागे, झगझगीत. आम्ही सगळे त्या बल्बकडे लहान मुलांसारखे बघत होतो.

मागच्या कॅमेऱ्याची वायर गालिच्याखालून, सीटच्या रुळाला अगदी खेटून नेली होती. सीट मागे गेली की रुळाची कड तिच्यावर चढायची. प्लॅस्टिक चिरलं होतं, आत तांबं चकाकत होतं, शेजारच्या लोखंडावर काळा ठिपका. नखाएवढी जागा.

(दृश्य: काकांचे हात. नवी वायर, कापडी टेप, छोटा होल्डर.)

दुरुस्तीला अर्धा तास लागला. चिरलेली वायर पूर्ण काढून टाकली, जोड दिला नाही. नवी वायर रुळापासून दूर, कापडी टेप गुंडाळून नेली. लाइन आता अशा फ्यूजवरून घेतली, ज्याला चावी चालू असतानाच वीज येते. पायाला तार गुंडाळून नाही, तर त्यासाठी मिळणाऱ्या होल्डरने, ज्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा ३ अँपिअरचा, जांभळा फ्यूज बसतो. मूळ घरात पुन्हा १५ चा निळा, चांगल्या कंपनीचा. बाजारात असेही स्वस्त फ्यूज मिळतात, ज्यांचं प्लॅस्टिक वितळतं पण पट्टी तुटत नाही. ते काका हातात धरत नाहीत.

एक सूचना मात्र कान उघडे ठेवून ऐका. हे सगळं १२ व्होल्टचं काम आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसली, तर तिला हात लावायचा नाही. तिथे शेकड्यांनी व्होल्ट असतात, पोर्शेच्याच टायकानमध्ये तर ८००. ते काम शिकलेल्या, हातमोजे घातलेल्या माणसाचं.

पिशवी भरून झाल्यावर काकांनी दार लावून घेतलं आणि मालकांना म्हणाले, “आता तुम्ही उघडा.”

मालकांनी हँडल ओढलं. काच टक्कन खाली सरकली, रबरातून सुटली, दार उघडलं, आणि आतला दिवा लागला.