पाण्याखाली गप्प बसणारा भात

भात हे पाण्यातलंच पीक, पण आख्खं रोपच बुडालं ना, तर तेही मरतं. होतं काय, की साधं रोप पाण्याखाली गेलं की वर यायची धडपड करतं, उंच उंच वाढत सुटतं, साठवलेली साखर सगळी त्यात संपवतं आणि पाणी ओसरेपर्यंत अंगात काही शिल्लकच राहत नाही. ओडिशातलं एक जुनं वाण मात्र याच्या बरोब्बर उलटं वागायचं, एफआर १३ए त्याचं नाव. पाणी चढलं की वाढ थांबवून गप्प बसायचं, दोनेक आठवडे तसंच राहायचं, पाणी उतरलं की परत फुटायचं. फक्त त्याचा उतारा कमी होता, म्हणून ते फार कुणी लावायचं नाही.

हे गप्प बसणं नेमक्या कुठल्या जीनमुळे, हे शोधणाऱ्या टीममध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पामेला रोनाल्ड होत्या, सोबत भाताचे ब्रीडर डेव्हिड मॅकिल. २००६ साली जीन जाहीर झाला, सब१ए. मग फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तो आपल्याकडच्या लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाणात नेहमीच्या संकरानेच आणला, प्रत्येक पिढीत डीएनए तपासून हवी तीच रोपं ठेवत, आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब१ भारतात शेतकऱ्यांसाठी आलं. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की जीन मुळात ओडिशाच्या शेतकऱ्यांनी जपलेल्या भातातला, आणि तो फिरून परत त्यांच्याच बांधावर आला.

पण पामेलांची मला खरी ओळख पटते ती दुसऱ्याच गोष्टीतून.

कडा करपा माहीतच असेल, आपल्या कोकणातल्या भातावर पण येतो, पानाच्या कडेपासून पिवळं पडत वाळत जातं. तो बॅक्टेरियामुळे होतो. या रोगाला अडवणारा एक्सए२१ हा जीन पामेलांच्या लॅबने १९९५ मध्ये वेगळा काढला, आफ्रिकेतल्या जंगली भातातून आलेला. हा जीन म्हणजे रोपाचा पहारेकरीच, पण तो बॅक्टेरियाची नेमकी कुठली खूण ओळखतो? २००९ मध्ये त्यांनी उत्तर छापलं, ‘सायन्स’सारख्या जर्नलमध्ये, आणि खूप नाव झालं.

मग लॅबमध्ये नवीन आलेल्या तरुण संशोधकांना तेच प्रयोग परत जमेनात. आता इथे कुणीही म्हणालं असतं की पोरं नवीन आहेत, हात बसला नाही अजून. पामेलांनी तसं केलं नाही. सगळं मुळापासून तपासायला लावलं, तेव्हा कळलं की बॅक्टेरियाच्या काही नमुन्यांवर लेबलंच चुकीची होती, आणि एक महत्त्वाची टेस्ट पण भरवशाची नव्हती. २०१३ मध्ये त्यांनी दोन पेपर मागे घेतले आणि चूक कशी झाली ते स्वतः उघडपणे लिहिलं. वीसेक वर्षं ज्या जीनच्या मागे घालवली त्याच्याबद्दलचं आपलंच उत्तर खोडायचं, विचार करा काय वाटलं असेल!

लॅब बंद नाही पडली. तीच माणसं परत कामाला लागली आणि २०१५ मध्ये खरी खूण सापडली, रॅक्सएक्स नावाचं एक छोटंसं प्रोटीन.