बंड्याची टाच

(पडद्यावर काळोख. आधी फक्त आवाज: लादीवर थप, थप, थप. मग जमिनीलगतून दिसणारा स्वयंपाकघराचा उंबरा.)

मराठीत आपण म्हणतो, अमुक माणूस मांजराच्या पावलांनी आला. म्हणजे तो आला कधी, ते कळलंच नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या घरात याच्या उलट झालं. आमचा बोका बंड्या हॉलमधून स्वयंपाकघरात येताना ऐकू यायला लागला.

आईला ते आधी कळलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अगं, हा पाय आपटत का चालतोय?"

मी खाली वाकून पाहिलं. बंड्या माझ्याकडे येत होता, पण त्याची मागची बाजू खाली बसल्यासारखी दिसत होती. सशासारखी. पंजा टेकवून तो थांबत नव्हता, पंजाच्या मागचा अख्खा भाग लादीला लागत होता. त्याला उचलून घेतलं तर तिथले केस झिजलेले, आणि खाली रुपयाच्या नाण्याएवढी गुलाबी, कोरडी कातडी.

(जवळून: मांजराचा मागचा पाय. बोटं, त्यावरचा लांब भाग, आणि वर कोनात वळलेला सांधा.)

हा सांधा नीट बघा. आपल्याला तो उलटा गुडघा वाटतो. प्रत्यक्षात ती मांजराची टाच आहे. मांजर जन्मभर बोटांवर चालतं, टाच कायम वर उचललेली. म्हणून तर त्याच्या चालण्याचा आवाज होत नाही. ती टाच जमिनीला लागली, की समजायचं, तिला उचलून धरणाऱ्या स्नायूंपर्यंत निरोप पोचत नाही. निरोप नेणाऱ्या नसा दुखावल्यात.

खरं सांगायचं तर खुणा त्याआधीही होत्या. पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागायचं. खायचा दुप्पट, आणि पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. एकदा तो बाथरूमच्या कोपऱ्यात लघवी करून बसला, आणि तासाभराने तिथे मुंग्यांची रांग. आपल्या जुन्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत लघवीला मुंग्या लागणं ही प्रमेहाची, म्हणजे मधुमेहासारख्या दुखण्याची, खूण म्हणून लिहून ठेवलेली आहे. मी फिनेल टाकून लादी पुसली आणि मुंग्यांचा खडू ओढला. त्या मुंग्या काय सांगत होत्या, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

(दवाखान्यातलं टेबल. वजनकाटा.)

बंड्या ११ वर्षांचा, नसबंदी झालेला, घरातच राहणारा बोका. एके काळी साडेसात किलोचा. मांजरांच्या मधुमेहाचा नेहमीचा रुग्ण असाच असतो: वय वाढलेलं, वजन जास्त, बहुतेकदा बोका. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि हळूहळू स्वादुपिंडही थकतं. आपल्याकडच्या माणसांच्या टाईप टू मधुमेहाशी हे बरंच मिळतंजुळतं आहे.

रक्तातली साखर निघाली ४१२. पण डॉक्टर लगेच काही बोलल्या नाहीत. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही तीनशेच्या वर जाऊ शकते. म्हणून त्यांनी लघवी तपासली आणि फ्रुक्टोसामाईन नावाची चाचणी केली. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. तीही चढलेलीच होती. मग पोटॅशियम बघितलं, कारण पोटॅशियम उतरलं तरी मांजराचे पाय असेच लुळे पडतात आणि मान खाली झुकते. मग त्यांनी विचारलं, "कच्ची मासळी किती खातो?" नुसत्या कच्च्या मासळीवर वाढलेल्या मांजरांत बी-१ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, कारण काही माशांमध्ये बी-१ मोडणारं द्रव्य असतं. कोकणातल्या माझ्या नातेवाइकांना मी हे त्याच रात्री फोन करून सांगितलं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती थांबायला वेळ देत नाही. मांजराचे मागचे पाय एकाएकी गेले, ते ओरडतंय, पाय गार पडलेत, तर तो मधुमेह नसतो. बहुतेकदा ती रक्ताची गुठळी असते. तेव्हा हा व्हिडिओ बंद करायचा आणि आहे तसं दवाखाना गाठायचा.

बंड्याचं मात्र हळूहळू झालं होतं. मधुमेही मांजरांपैकी साधारण दहातल्या एकात नसांचा बिघाड असा उघड डोळ्यांना दिसतो. मागचे पाय आधी धरले जातात, कारण तिथवर जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब. रक्तात साखर सतत जास्त राहिली, की नस ती जादा साखर दुसऱ्या वाटेने वळवते. मधुमेही मांजरांच्या नसांत फ्रुक्टोज ही साखर कितीतरी पटीने वाढलेली सापडली आहे. नसेभोवती मायलिनचं आवरण घालणाऱ्या पेशी यात दुखावतात, आवरणाचे पदर सुटतात, आणि निरोप रखडत जायला लागतो. याच जादा साखरेने मधुमेही कुत्र्याला मोतीबिंदू होतो. मांजराला तो सहसा होत नाही. त्याच्या वाट्याला पाय येतात.

(औषधांचा स्टीलचा डबा. आईचे हात.)

आता त्या बी-१२ च्या गोळीकडे येते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आई स्वतः मधुमेही. वीस वर्षं मेटफॉर्मिन घेतेय. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं, की बी-१२ शोषलं जाणं कमी होतं, आणि तिच्या पायांची जळजळही होते. म्हणून तिला रोज एक लालसर गोळी असते. बंड्याच्या नसांना बी-१२ चा उपयोग होईल, असं डॉक्टरांच्या तोंडून निघालं मात्र, घरी येऊन आईने डबा उघडला. "माझीच देते की अर्धी. तेच तर औषध आहे."

तिने गोळी मोडली होती. अर्धा तुकडा चमच्यात होता. मी सहज म्हणून स्ट्रिप उलटी केली, आणि मोबाईलचा टॉर्च लावून मागची बारीक अक्षरं वाचली.

(जवळून: चंदेरी पाकिटाची मागची बाजू. अक्षरं हळूहळू स्पष्ट होतात.)

मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम. अल्फा लिपोइक ॲसिड १०० मिलिग्रॅम. पायरिडॉक्सिन. फॉलिक ॲसिड.

दुसरं नाव माझ्या ओळखीचं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. त्यांचा आवाज एकदम बदलला. "नाही नाही, ती देऊ नका. दिलीत का?"

अल्फा लिपोइक ॲसिड माणसाच्या नसांसाठी सर्रास दिलं जातं. मांजराला ते विषारी आहे. कुत्रा, उंदीर, माणूस यांच्या मानाने मांजर त्याला सुमारे दहापट नाजूक. लाळ गळते, उलट्या होतात, तोल जातो, झटके येऊ शकतात आणि यकृत होरपळतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये "नसांची गोळी" म्हणून मागाल, तर हातात येते ती बहुतेकदा अशीच मिश्र गोळी. कशात हे ॲसिड, कशात प्रिगाबॅलिन, कशात चक्क साखर उतरवणारं औषध. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ सुद्धा फार दिवस, फार जास्त गेलं, तर स्वतःच नसा बिघडवतं.

तो अर्धा तुकडा आईने बेसिनमध्ये टाकला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे आणि मधुमेही मांजरही, त्यांना मी हात जोडून सांगते: दोघांची औषधं वेगळ्या डब्यांत ठेवा, आणि मांजराची स्ट्रिप दर वेळी उलटी करून वाचा. मांजराच्या पाकिटावर एकच नाव हवं, मिथाइलकोबालामिन.

हे मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ चंच एक रूप. बी-१२ ला लाल रंग येतो तो त्याच्या मधोमध असलेल्या कोबाल्टच्या अणूमुळे. १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी त्याचे लाल स्फटिक वेगळे काढले. त्याची रचना उलगडली डोरोथी हॉजकिन यांनी, आणि १९६४ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नसेवरचं मायलिन बांधायला आणि टिकवायला शरीराला जी रासायनिक सामग्री लागते, ती तयार होण्यात या मिथाइल रूपाचा हात असतो. जपानमध्ये आणि आपल्याकडे माणसांच्या नसांच्या दुखण्यावर ते कितीतरी वर्षं दिलं जातंय.

मांजराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बी-१२ आतड्यातून शोषून घ्यायला एक खास प्रथिन लागतं. आपल्यात ते जठरात तयार होतं. मांजरात ते तयार होतं स्वादुपिंडात. म्हणजे ज्या अवयवाच्या बिघाडाने मधुमेह होतो, त्याच अवयवावर बी-१२ चीही मदार! मधुमेही मांजरांत स्वादुपिंडाला सूज असणं काही विरळा नाही, आणि मांजराच्या शरीरातला बी-१२ चा साठा आपल्यासारखा वर्षानुवर्षं पुरत नाही. म्हणून डॉक्टर अशा मांजराची बी-१२ ची पातळी तपासतात आणि ती फार उतरली असेल, तर आठवड्याला इंजेक्शनही देतात.

बंड्याला १५०० मायक्रोग्रॅमची साधी गोळी ठरली, सकाळी एक, संध्याकाळी एक. हे त्याच्या वजनाला आणि त्याच्या रक्ताच्या रिपोर्टला धरून ठरलेलं. तुमच्या मांजराचं तुमचे डॉक्टर सांगतील. उजेडाने हे औषध खराब होतं, म्हणून गोळी आधी कुटून ठेवायची नाही. आई आयत्या वेळी बत्त्याने एक टोला देते आणि ती गुलाबी भुकटी खिमट केलेल्या चिकनमध्ये कालवते. बत्त्याचा आवाज आला की बंड्या ओट्याखाली हजर.

(फ्रिजचं दार उघडतं. अंड्यांच्या कप्प्यात इन्सुलिन.)

पण या गोळीने एकटीने काहीही झालं नसतं. हे मी मुद्दाम थांबून सांगते, कारण ओळखीतल्या एका घरात इन्सुलिनच्या सुईच्या धास्तीने नुसती लाल गोळी सुरू राहिली. ते मांजर गेलं. रक्तात साखर तशीच राहिली, तर नस रोज नव्याने दुखावतच राहते. एकीकडून भिंत लिंपायची आणि दुसरीकडून गळतं पाणी तसंच ठेवायचं, असं होतं ते. आधी इन्सुलिन आणि खाणं, मग गोळी.

बंड्याला दर १२ तासांनी १ युनिट ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन सुरू झालं. सुई इतकी बारीक, की खाताना त्याच्या लक्षातही येत नाही. सुई टोचण्यापेक्षा मला सुई विकत घेणं अवघड गेलं. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन तऱ्हेच्या मिळतात: लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची, म्हणजे एका मिलिलिटरला तेवढी युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी. बंड्याचं ग्लार्जिन १०० चं. एका दुकानात मला लाल टोपणाची दिली, "सगळ्या सारख्याच असतात" म्हणून. त्या सिरिंजवर १ युनिटची रेघ धरून मी औषध भरलं असतं, तर बंड्याच्या अंगात अडीच युनिट गेलं असतं. साखर एकदम उतरली, की मांजर थरथरतं, झोकांड्या खातं, झटके येऊन जीवही जातो. म्हणून आमच्या फ्रिजवर मधाची बाटली कायम असते. तशी वेळ आली, तर हिरड्यांना मध चोळायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा.

खाण्यात दूध-पोळी पहिल्यांदा बंद झाली. मग कोरडं खाणं. मांजर मुळात मांसाहारी, पिठूळ पदार्थ पेलायची ताकद त्याच्या यकृतात बेताची. आता त्याला कमी कार्बचं ओलं खाणं असतं, डॉक्टरांनी सांगितलेलं. खाणं बदललं तेव्हा इन्सुलिनचा डोसही परत बघावा लागला. मी कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घ्यायला शिकले. पहिले आठ दिवस माझाच हात कापत होता.

(महिने सरतात. खिडकीबाहेर पाऊस, मग कंदील, मग कोवळं ऊन.)

नसा सावकाश भरून येतात. पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही. पाण्याचं भांडं मात्र पुन्हा दिवसातून एकदाच भरायला लागलं. गणपतीत तो पाटावर चढला, नैवेद्याच्या वासाने. दिवाळीत आई म्हणाली, "टाचेखालून कागद सरकेल इतकी उचललीय बघ." मी खरंच कागद सरकवून पाहिला. सरकला. होळीच्या सुमाराला त्या गुलाबी कातडीवर केस यायला लागले होते.

यात गोळीचा वाटा किती आणि इन्सुलिनचा किती, हे मला वेगळं करून दाखवता येणार नाही. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झाली होती. मांजरांच्या नसांवर मिथाइलकोबालामिनच्या बाजूने बोलतात ते मुख्यतः पाळणाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे अनुभव. साधी गोळी सहसा बाधत नाही, जादा झालेलं बहुतेक लघवीवाटे निघून जातं, आणि मांजराच्या बी-१२ ची खात्री देता येत नाही. एवढ्यावर आमच्या डॉक्टरांनी ती सुरू ठेवली आहे आणि मी रोज देते आहे.

(स्वयंपाकघर. सकाळ. कसलाही आवाज नाही.)

आता बंड्या येतो ते कळत नाही. मी चहा गाळत असते आणि पोटरीला काहीतरी मऊ घासून जातं. खुर्चीवर तो एका उडीत चढतो, खुर्चीवरून ओट्यावर. फ्रिजवर चढणं मात्र अजून जमत नाही. पूर्वी सगळी दुपार तो तिथे झोपायचा. आता फ्रिजखाली बसून वर बघतो, मागचे पाय गोळा करतो, आणि मग उडी न मारताच वळतो.

परवा आईने गच्चीतून लाकडी स्टूल आणलं, धुतलं, पुसलं आणि फ्रिजला टेकवून ठेवलं. वर एक गोणपाटाचा तुकडा टाकला, पाय घसरू नये म्हणून.