चेन: राज्य बुडालं, आडनाव उरलं

शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग तुम्हाला आठवत असेल. सातव्या शतकात तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातून गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, तसा अपमानही विसरत नाहीत, असं लिहून ठेवलं. पण ते झालं भिक्षू झाल्यानंतरचं नाव. त्याच्या घराण्याचं आडनाव चेन. चीनच्या इतिहासात कुठेही हात घाला, एखादा चेन सापडतोच, म्हणून आज हेच आडनाव घेतलं आहे.

त्याचं मूळ आजच्या हनान प्रांतातल्या ह्वाययांगला आहे. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात चौ घराण्यानं शांग राजवट उलथवली. विजयी राजा वू यानं मान नावाच्या सरदाराला आपली थोरली मुलगी दिली आणि चेन हा मुलूखही दिला. हा मान म्हणे पुराणकाळातल्या शुन सम्राटाचा वंशज. ती वंशावळ मी फार मनावर घेत नाही; राज्य मिळालं की थोर पूर्वज आपोआप मिळतात, हे आपल्याकडेही घडलेलं आहे. राज्य मात्र खरं होतं. इ.स.पू. ४७८ मध्ये छू राज्यानं ते गिळलं आणि राजघराण्यातल्या लोकांनी चेन हेच आडनाव लावलं. पुण्याचा तो पुणेकर, तसंच. फक्त इथे राज्यच नकाशावरून पुसलं गेलं होतं.

त्याआधीची एक गंमत सांगतो. इ.स.पू. ६७२ मध्ये चेन वान हा राजपुत्र घरच्या भाऊबंदकीतून जीव वाचवून छी राज्यात पळाला. त्याचे वंशज तिथे थ्येन म्हणवू लागले, पिढ्यान्पिढ्या बळावत गेले, आणि इ.स.पू. ३८६ मध्ये चौ राजानं त्यांनाच छीचे अधिपती म्हणून मान्यता दिली. आश्रिताच्या वंशजांनी यजमानाचं घर बळकावलं!

मग येतो चेन शंग. राजपुत्र वगैरे नव्हे, दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर. इ.स.पू. २०९ मध्ये त्याला सरहद्दीवर पहाऱ्यासाठी धाडलं, वाटेत पावसानं अडवलं, आणि उशिराची शिक्षा होती मृत्यू. तसंही मरायचंच, तर बंड करून मरू, असा त्यानं हिशेब केला. राजा म्हणून द्वाही फिरवली तीही जुन्या चेन नगरातच. सहा महिन्यांत त्याच्याच सारथ्यानं त्याला मारलं, पण छिन साम्राज्याला लागलेली आग विझली नाही.

पुढे चेन घराण्यानं ५५७ ते ५८९ दक्षिण चीनवर राज्य केलं. उत्तरेत ४९६ मध्ये तिथल्या सम्राटानं भटक्या टोळ्यांना चिनी आडनावं घ्यायला लावली, तेव्हा हौमोचेन नावाचं अख्खं कूळ चेन झालं. रक्ताचा काही संबंध नाही!

समुद्राकडे सरकलेल्या चेन मंडळींचा पसारा तर फारच मोठा. व्हिएतनाममध्ये ते च्यान. फूच्येनमधून आलेल्या एका मच्छीमार कुटुंबानं तिथे १२२५ ते १४०० राज्य केलं आणि मंगोलांना तीनदा परतवलं. सिंगापूरला ते तान. रबराच्या धंद्यात कमावलेल्या तान का की यांनी १९२१ मध्ये श्यामन विद्यापीठ काढलं. तैवानात तर हे सर्वांत मोठं आडनाव.

आणि हाँगकाँगला चान. जॅकी चान! त्याच्या वडिलांचं खरं आडनाव होतं फांग. ते त्यांनी बदललेलं होतं, आणि जॅकीला हे कळलं ते बऱ्याच उशिरा. त्याचा मुलगा आता चिनी नावात फांगच लावतो.