गाडी विकली, पण नाव कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो. उदगीर, अंबड, गेवराईकडची पोरं कामाला पुण्याला जातात, सोबत घरची मोटारसायकलही नेतात. सिग्नल तोडतो पोरगा आणि मेसेज वाजतो गावाकडं, वडिलांच्या मोबाइलवर. कॅमेरा नंबर प्लेट वाचतो. एमएच २४ दिसलं की लातूरची नोंद निघते, आणि तिथं ज्याचं नाव त्याला चलन.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी तो. कर्जाच्या गाडीला मात्र ताबा बघतात, म्हणजे दंड बँकेला नाही, तुम्हालाच. गाडी दुसरा चालवत होता असं असेल, तर पोलिसांनी विचारल्यावर त्याचं नाव, पत्ता, लायसन्स सांगणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं काम आहे. 'कोण होता, आठवत नाही' म्हणून सुटका होत नाही. नो पार्किंगमध्ये तर गाडीजवळ कुणी नसतंच, त्यामुळं ते थेट मालकावर येतं. टोइंगचा खर्च वेगळा.

खरी गोची होते ती विक्रीत. स्टँप पेपरवर सौदा, टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर सह्या, पैसे खिशात, झाला व्यवहार! ते फॉर्म एजंटाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात, गाडी तिसऱ्या-चौथ्या हातात जाते आणि आरटीओत नाव तुमचंच राहतं. अशाच हातोहात विकलेल्या गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. दंडाची गोष्ट त्यापुढं किरकोळच.

म्हणून राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ नं उतरवून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही अजिबात नको. घेणाऱ्याचं नाव, तारीख आधी लिहा. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती जपा. आणि एजंटाच्या शब्दावर थांबू नका, नाव बदललं का ते परिवहनच्या साइटवर स्वतः बघा.

चलन चुकीचं वाटलं तर आधी फोटो उघडा. गाडीचं मॉडेल, रंग, नंबरातला ३ आणि ८ नीट पडताळा. आपली गाडी नसेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर आपल्या गाडीचा फोटो लावून तक्रार करा. आधी दंड भरून मग भांडायला जाल तर प्रकरण अवघड होतं.

अठराच्या आतल्या पोराच्या हातात किल्ली देणाऱ्यांनी कलम १९९अ ऐकून ठेवावं. पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द.

आणि घरातला मालक वारला असेल, तर ३० दिवसांत आरटीओला कळवा आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्या.