शिंक्यातली फुलं

(दृश्य: सकाळचे सहा. गॅलरीत पाण्यानं भरलेली बादली, तिच्यात बुडवलेली तारेची टोपली.)

हे बुडबुडे बघा. टोपली पाण्यात सोडली की आधी भरभर येतात, मग एकेक, मग थांबतात. थांबले की समजायचं, पाणी पार मुळापर्यंत पोचलं. तेच वरून तांब्यानं ओतलं असतं तर कडेकडेनं निथळून फरशीवर आलं असतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा कडकडीत वाळलं की पाणी पटकन धरत नाही. वरचा थर ओला दिसतो, आपण निश्चिंत होतो, आणि आत मुळं तहानलेलीच राहतात.

हे सोलापूर. एप्रिल चालू आहे, दुपारी पारा 42 अंशांना टेकतो. उजनीचं पाणी नळाला येतं तेही काही दिवसांआड, त्यामुळे घरोघरी टाक्या, पिंपं, हंडे भरून ठेवलेले. अशा गावात टांगलेल्या टोपलीत फुलं लावणं ही चैन आहे, असं मला बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. माझ्या सहा टोपल्या सकाळी याच एका बादलीत एकीमागून एक बुडतात. जेवढं पाणी माती पिते तेवढंच खर्च होतं, बाकीचं पुढच्या टोपलीला.

(दृश्य: जुन्या स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगलेलं शिंकं.)

टांगून ठेवणं आपल्याला काही नवं नाही. दूध, दही, लोणी मांजरापासून वाचवायला घरोघरी शिंकं असायचं. चार दोऱ्या, खाली वेटोळं, वर एक गाठ. हँगिंग बास्केट म्हणून दुकानात जे मिळतं ते रचनेनं तेच. फरक एवढाच, की दह्याचं मडकं सावलीत असायचं आणि फुलांच्या टोपलीला ऊन लागतं, वारा लागतो. जमिनीवरच्या कुंडीला खालून तरी गारवा असतो. टांगलेल्या टोपलीला चारी बाजूंनी आणि खालूनही झळ बसते. म्हणून ती लवकर वाळते, आणि म्हणून तिचं सगळं गणित पाण्याचं आणि वजनाचं.

वजनाचं गणित मी चुकून शिकले. पहिल्या टोपलीत मी शेतातली काळी माती भरली होती. आपली काळी माती कापसाला, ज्वारीला सोन्यासारखी, पण टोपलीत ती भिजली की शिशासारखी जड होते आणि वाळली की तडकून कडा सोडते. पहिल्याच पावसात हुक गिलाव्यासकट खाली आला. खाली कुणी नव्हतं हे नशीब. तेव्हापासून हुक गिलाव्यात नाही, थेट स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून. आणि भरण हलकं: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग चाळलेला पोयटा, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोनतीनदा धुऊन घ्यावं लागतं, नारळाच्या काथ्यात क्षार असतात.

(दृश्य: हात जवळून. काथ्याच्या अस्तरावर जुन्या चादरीचा तुकडा पसरतोय. मागून यंत्रमागाचा खडखडाट.)

आता ही युक्ती आमच्या गावची. तारेच्या टोपलीत काथ्याचं अस्तर असतंच, त्याच्या आत मी जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा घालते. धुऊन धुऊन मऊ झालेली, रंग उडालेली सुती चादर. जाडजूड विणीचं हे सूत पाणी धरून ठेवतं आणि माती अस्तरातून गळू देत नाही. सूत कुजतं, हे खरं. पण एक हंगाम निभावतं, आणि हंगाम संपला की टोपली नव्यानं भरायचीच असते. तळाशी एखादं पसरट झाकण उताणं ठेवलं की त्यात घोटभर पाणी साठून राहतं. दुपारी तीनला त्या घोटभर पाण्याची किंमत कळते.

झाड कुठलं, हा खरा प्रश्न.

पेटुनिया सगळ्यांना हवा असतो. मलाही. रोपवाटिकेत मार्चमध्ये फुललेला दिसला म्हणून मी एकदा घेऊन आले आणि महिनाभरात तो माझ्यासमोर करपला. दोष झाडाचा नव्हता. पेटुनिया थंडीचं झाड. आमच्याकडे पावसाचा मोठा जोर बऱ्याचदा सप्टेंबरात असतो, तो ओसरला की बी टाकायचं. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये हजारो मावतात. त्यावर माती लोटायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. नुसतं भुरभुरायचं आणि स्प्रेनं ओलं ठेवायचं. रोप बोटभर झालं की शेंडा खुडायचा. पहिल्यांदा खुडताना जीव होत नाही, पण खुडल्याशिवाय ते फुटत नाही, आणि फुटल्याशिवाय टोपलीच्या कडेवरून खाली उतरत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, त्या दिवसांत पेटुनिया ऐन भरात असतो. वाळलेली फुलं मागच्या हिरव्या बोंडासकट काढत राहिलं तर फेब्रुवारीअखेर साथ देतो. नंतर त्याला ओढत बसू नये.

(दृश्य: गॅलरीच्या ग्रिलवरून लोंबणारी गुलाबी, पिवळी, केशरी फुलं. अजून मिटलेली.)

उन्हाळा या फुलाचा. नाव ऑफिस टाइम. कुणी चिनी गुलाब म्हणतं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण सोलापूरच्या उन्हात असं रमतं की इथलंच वाटावं. पानं सुईसारखी, गरदार, पाण्यानं भरलेली. बोटाच्या पेराएवढी फांदी मोडून ओल्या मातीत खोचली की आठपंधरा दिवसांत मूळ धरते. बी नको, खर्च नको.

पूर्व भागातल्या आमच्या शेजारच्या अक्का एकदा कठड्याशी थांबल्या. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. म्हणाल्या, "काय करायलाव ताई? हे तर आमच्या गंगवायिलीसारखं दिसायलंय."

अक्कांनी पान बघून जे ओळखलं ते वनस्पतीशास्त्रही सांगतं. गंगवायिली म्हणजे आपली घोळ, डाळ घालून करतो ती भाजी. घोळ आणि ऑफिस टाइम एकाच पोर्टुलाका कुळातल्या. ताण पडला की या झाडांना पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडता येतात, म्हणजे हवाही मिळते आणि पाणीही वाचतं. पाणी जपून वापरायची ही रीत आम्हाला नळानं शिकवली, या झाडाला ती जन्मतः येते. म्हणून मला हे झाड इतकं आपलं वाटतं.

ऑफिस टाइमला मारायचं असेल तर जास्त पाणी घालावं. तारखेप्रमाणे, सवयीप्रमाणे पाणी घालू नये. टोपली खालून तळहातावर उचलून बघायची. जड लागली तर राहू द्यायची, हलकी लागली की बादली. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं मात्र घालू नये, त्यात क्षार दाट झालेले असतात. दोन महिन्यांत काठावर पांढरा थर चढतो आणि पानांची टोकं जळायला लागतात. पावसाळ्यात हीच झाडं सडतात, तेव्हा टोपल्या वळचणीला आत ओढून घ्यायच्या.

(दृश्य: साडेनऊ. ऊन ग्रिलवर आलंय. कळ्या उलगडतात.)

आता उघडायला लागली. रस्त्यावर डबे घेऊन माणसं कामाला निघालीत. दुपार कलली की ही फुलं मिटतील आणि उद्या नवी येतील. तोवर ही खुडलेल्या पाच फांद्यांची जुडी, ओल्या चादरीच्या चिंधीत गुंडाळून, अक्कांकडे पोचवायची आहे. त्यांनी काल दोरीचं शिंकं वळून ठेवलंय.