आरपार दाढ

बरणीत तीन दाढा आहेत. काढून टाकलेल्या, खालच्या जबड्यातल्या. तिघींचे कॅनॉल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या बारीक नळ्या, आम्ही तीन पद्धतींनी भरून घेतलेत.

आता त्या आरपार दिसायला हव्यात. आधी तीन दिवस नायट्रिक आम्लात. ५ टक्के, रोज बदललेलं. दाढेतलं कॅल्शियम निघून जातं; टाचणी रबरात शिरावी तशी शिरते. मग धुवायची. मग अल्कोहोल, चढत्या तीव्रतेचं, आतलं पाणी काढून घ्यायला. शेवटी मिथाइल सॅलिसिलेट. झाकण उघडलं की खोलीभर गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास.

आणि हे बघा. पांढरी दाढ कडेपासून नाहीशी होतेय. उरतोय तो गुलाबी गटापर्चा.

मूळचा हा मलायातल्या झाडाचा चीक. दातांच्या मुळांत १८६७पासून भरला जातोय. आजच्या कांडीत तो जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड.

पहिली दाढ, लॅटरल कंडेन्सेशन. गार पद्धत, कॉलेजात घोटून घेतलेली. मुख्य कांडी घालायची, शेजारी स्प्रेडर, म्हणजे निमुळती टोकदार सळी, दाबायचा, झालेल्या फटीत बारीक कांडी. पुन्हा स्प्रेडर, पुन्हा कांडी. एक्स-रेत भरगच्च दिसलं होतं. इथं कांड्या सुट्या मोजता येतात. दोन कॅनॉलांमधली ती चिंचोळी पट्टी तर कोरीच.

दुसरी, गरम. बोस्टनच्या हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ साली मांडलेली. कांडी तापवत खाली दाबत न्यायची, टोकाशी चार-पाच मिलिमीटर राखून थांबायचं. मग वरची पोकळी पिस्तुलासारख्या उपकरणातल्या मऊ गटापर्चानं भरायची. जरा थांबा. मुळातून केसाएवढी फाटी निघालीय, आणि तीही गुलाबी!

तिसरी, एकच कांडी आणि भोवती बायोसिरॅमिक सीलर, म्हणजे फटी बुजवणारी पेस्ट. झटपट काम, भिस्त सगळी सीलरवर.

गरम पद्धतीत भरलेला माल मुळाच्या टोकाबाहेर जायचा धोका जास्त. आणि उपचार यशस्वी होण्यात गरम-गार असा ठळक फरक अभ्यासांत दिसलेला नाही, हेही खरं.

ती फाटी पुन्हा जवळून बघू. हा याच दाढेचा एक्स-रे. फाटी गालाच्या बाजूला निघालीय, म्हणजे इथं ती कांडीच्या सावलीत. शोधून बघा.