जुन्या मालवाहू पिकअपचे ब्रेक आणि तिची चाल

मित्रहो, जुनी पिकअप रोज कामाला जुंपणाऱ्या माणसाची तक्रार बहुधा एका दमात येते: रिकामी असली की मागून उड्या मारते, भरली की लवकर थांबत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर सारखी स्टिअरिंगने सावरत राहावी लागते. तक्रारी तीन असल्या तरी उपाय मात्र एकाच दिशेने शोधला जातो, तो म्हणजे काहीतरी जास्तीचे बसवणे: मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये एखादा वाढीव पाटा, मोठे टायर, मोठा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा पंप). माझे मत याच्या उलट आहे. या गाडीत एका जागी केलेला बदल दुसऱ्या दोन जागी उमटतो, म्हणून झिजलेले भाग मूळ मापावर आणल्याशिवाय नवे काहीही बसवू नये.

पिकअप म्हणजे खरे तर एकाच सांगाड्यातल्या दोन गाड्या. दीड टनाच्या रिकाम्या गाडीच्या हौद्यात एक टन माल भरला की ती अडीच टनांची होते, आणि वाढलेले वजन जवळजवळ सगळे मागच्या ॲक्सलवर येते. ब्रेकला जी ऊर्जा उष्णता करून टाकावी लागते ती वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; ताशी ४० किलोमीटरच्या ठिकाणी ८० चा वेग असेल तर ती चौपट होते. त्यामुळे ४० ने जाणाऱ्या रिकाम्या गाडीला थांबवणे आणि ८० ने जाणाऱ्या भरलेल्या गाडीला थांबवणे यांत साडेसहा पटींहून अधिक फरक पडतो. गावात फिरताना ब्रेक चांगले वाटतात आणि माल भरून उतारावर आल्यावर धोका देतात, त्यामागे हा साधा गुणाकार आहे.

ब्रेक चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर. म्हणून पाहणीची सुरुवात तिथून करावी. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असूनही रबर कडक झालेला टायर ओल्या रस्त्यावर उपयोगाचा नसतो. टायरवरच्या भारक्षमतेचा आकडा गाडीच्या वजनाला पुरेल असा हवा, आणि हवा रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी दाराजवळच्या पट्टीवर वेगवेगळी दिली असेल तर ती तशीच भरावी. मूळ मापापेक्षा मोठा टायर रुबाबदार दिसतो खरा, पण त्याची त्रिज्या वाढल्याने त्याच ब्रेकला जास्त लांब तरफेविरुद्ध झगडावे लागते.

आता ब्रेकच्या नळ्यांकडे वळतो, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. माझ्याकडे एकदा एक पिकअप आली. ब्रेक दाबताच ती उजवीकडे ओढायची आणि पाय काढल्यावर थोडा वेळ डावीकडे. पुढचे पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कवर घासणारे ब्रेकचे तुकडे, दोनदा बदलून झाले होते. मी ती थोडी फिरवून आणली आणि पुढच्या दोन्ही रिमांजवळ हात नेला. उजवी कोमट होती, डावीजवळ हात धरवत नव्हता. जॅकवर उचलून आधार लावले तेव्हा डावे चाक हाताने फिरेना. रबरी नळीच्या वरच्या टोकाला, जिथे ती धातूच्या पाइपला जोडलेली असते, तिथला नट सैल केला, तरी चाक अडकलेलेच. मग कॅलिपरचा, म्हणजे चाकावर पॅड दाबणाऱ्या भागाचा, ऑइल सोडायचा निपल उघडला, ब्रेक ऑइलची एक बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. म्हणजे दाब त्या दोहोंच्या मध्ये, नळीतच, कोंडलेला होता. नळी उभी चिरून पाहिली तर आतले अस्तर सुटून त्याची झडप झाली होती: पायाच्या जोराने ऑइल उशिरा का होईना आत जात होते, परतताना मात्र अडत होते. बाहेरून नळीवर एकही भेग नव्हती. जुन्या गाडीत वय झालेल्या रबरी नळ्या, दिसायला कशाही असल्या तरी, सगळ्या एकदम बदलाव्यात असे मी त्या दिवसापासून सांगत आलो आहे.

ऑइलचेही तसेच. ते हवेतली ओल शोषते आणि ओलीबरोबर त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओल धरल्यावरची त्याची किमान मर्यादा फक्त १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फळीपर्यंत खाली जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणे हा सर्वांत स्वस्त सुधार आहे. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात मिसळू नये.

मागे बहुतेक जुन्या पिकअपना ड्रम ब्रेक असतात, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यात (ड्रममध्ये) आतून दाबले जाणारे लायनर लावलेले शू, आणि ते नजरेआड असल्याने दुर्लक्षित राहतात. लायनर झिजले की शू आणि ड्रममधली फट वाढते, पेडल लांब जाते, आणि मग कोणीतरी हँडब्रेकची केबल ताणून तो दोष झाकतो. बऱ्याच रचनांमध्ये ताणलेली केबल आपोआप फट जुळवणारी यंत्रणाच निकामी करते. केबल आधी सैल सोडून, दातेरी चाकाने शू ड्रमला जेमतेम घासेपर्यंत आणून, मग केबल जुळवावी. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापलीकडे गेलेला ड्रम लेथवर न लावता टाकून द्यावा. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबरी टोपण उचलून पाहावे, आत ओल असेल तर तो गळतो आहे. लायनरवर गिअर ऑइलचा वास आला तर ॲक्सलचे सील गेले आहे, आणि नुसते लायनर बदलून काही साधणार नाही. एक सूचना जाता जाता: ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

आता वाढीव पाट्याविषयी. अनेक पिकअपमध्ये चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब सोडतो. गाडी रिकामी असली की तो दाब रोखतो, म्हणजे हलकी झालेली मागची चाके अडकत नाहीत. व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त उंची कळते. पाटा वाढवला की चासी उंच राहते, आणि टनभर माल असतानाही व्हॉल्व्ह गाडीला अर्धी रिकामी समजतो. मागचे ब्रेक मग नावापुरते काम करतात आणि पुढचे तापून जातात. शिवाय मागची बाजू उचलली गेल्याने चासी पुढे कलते, पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा, वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटू लागते. मालकाने एक पाटा घातला आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही बिघडवून घेतले, पण तो पाट्याला दोष कधीच देत नाही. पाटे खरोखर दबून चपटे झालेले असतील तर ते मूळ ताणाचे करून घ्यावेत. पाटा वाढवलाच तर दांडीची लांबी कंपनीच्या पुस्तकातल्या पद्धतीने पुन्हा जुळवावी आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासावे.

मोठ्या मास्टर सिलिंडरचा मोह असाच फसवा आहे. पाऊण इंच आणि एक अष्टमांश, म्हणजे सात अष्टमांश इंचाच्या जागी एक इंचाचा बसवला तर पेडल घट्ट लागते आणि माणूस खूश होतो, पण पायाचा जोर तोच असेल तर नळीतला दाब सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. मागे डिस्क बसवण्याचेही मला फारसे कौतुक नाही. पुढच्या-मागच्या दाबाचा तोल आणि हँडब्रेक दोन्ही नव्याने जुळवावे लागतात, आणि नीट जुळवलेला ड्रम मालाच्या गाडीला पुरतो.

चालीच्या बाबतीत पैसे खर्च करण्याआधी दोन माणसे आणि दहा मिनिटे लागतात. गाडी जमिनीवर उभी, इंजिन चालू, एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा) गेला असेल तर तो डोळ्यांआधी बोटांना कळतो. हे सांधे निर्दोष ठरल्यावरच स्टिअरिंग बॉक्सच्या स्क्रूला हात लावावा. तो गरजेपेक्षा आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही आणि बॉक्स आतून झिजतो. पाट्यांचे बुश (टोकांतली अस्तरे), शॅकल (चासीशी जोडणाऱ्या हलत्या कड्या) आणि ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट पाहावेत. शॉकअप ऑइलने ओले दिसले तर जोडीने बदलावेत, रिकाम्या गाडीच्या निम्म्या उड्या तिथेच थांबतात. माल भरताना जड वस्तू मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवाव्यात, मागे ठेवल्या तर पुढची चाके हलकी होतात.

सगळे जुळवून झाल्यावर मोकळ्या, कोरड्या जागेत ताशी ३० च्या वेगाने ब्रेक जोरात दाबून पाहावा, एकदा रिकाम्या गाडीने आणि एकदा माल भरून, आणि बाहेर उभ्या माणसाने चाके पाहावीत. पुढची चाके आधी अडकली तर गाडी निदान सरळ जाते. मागची आधी अडकली तर ती स्वतःभोवती फिरेल, आणि त्या गाडीला रस्त्यावर न काढता पुन्हा खाली पडून व्हॉल्व्हच्या त्या दांडीचे माप घ्यावे.